टाचेवरचा फोड

ती घटना आठवली की आजही माझा थोडा गोंधळ उडतो. आयुष्यभर मी खोटं बोलणाऱ्यांकडून खरं काढून घेतलं. इथे माझ्यासमोर बसलेला माणूस एका शहराबद्दल शब्दन् शब्द खरं सांगत होता आणि तरीही फसवत होता.

तेव्हा मी भोपाळला ठाणेदार होतो. एका सरकारी कारखान्याची टाउनशिप आमच्या हद्दीत होती. सगळी क्वार्टर्स एकसारखी, भांडणं पाण्यावरून नाहीतर बढतीवरून. खरे गुन्हे कमीच. एका दुपारी नागपूरचे एक गृहस्थ आपल्या बहिणीला घेऊन ठाण्यात आले. बहीण टाउनशिपच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिचा नवरा कारखान्यात फिटर होता. बिनपगारी रजा टाकून, मुंबईच्या एका खासगी एजन्सीमार्फत तो सात महिन्यांपूर्वी कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ बेटावर कामाला गेला होता.

"साहेब, आमच्या जावईबापूंचं काही बरंवाईट झालंय," भाऊ म्हणाले.

"दादा, अहो पत्रं येतात ना त्यांची!"

"येतात. पण शिक्का भोपाळचा असतो, हे सांग ना साहेबांना."

बाईंचं म्हणणं, साइटवरून परतणारं कोणीतरी पत्र आणून इथे टाकत असेल. पत्ता मात्र त्यांच्याकडे नव्हता. 'साइट बदलते, उत्तर पाठवू नकोस,' असं पहिल्याच पत्रात होतं. नऊ पत्रं त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. सगळी विलेमस्टाड नावाच्या तिथल्या जुन्या बंदराच्या शहराविषयी. "निघताना मीच म्हटलं होतं, तिथलं सगळं लिहा, मी वर्गात वाचून दाखवीन," त्या म्हणाल्या. "मुलं वाट बघतात, साहेब."

हरवल्याची नोंद केली. मुंबईला विचारणा पाठवली. एजन्सीच्या दाराला कुलूप असल्याचं उत्तर आलं. आता मला भाऊंचं पटू लागलं. माणूस संपला असेल आणि कोणी त्याच्या अक्षरात पत्रं लिहीत असेल तर? हस्ताक्षरतज्ज्ञाने सांगितलं, अक्षर त्याचंच. मग कोणी डांबून लिहून घेत असेल? पण का? डोकं चालेना.

खबर मिळाली ती हबीबगंज स्टेशनावरून. तिथल्या टपाल कर्मचाऱ्याने आमच्या हवालदाराला सांगितलं, "एक आदमी है, भर दुपहरी में मफलर लपेटकर चिट्ठी डालने आता है." साध्या वेशातला शिपाई पाच दिवस पेटीजवळ बसवला. सहाव्या दिवशी मफलरवाला आला. फोटोशी चेहरा जुळला. खिशात दहावं पत्र होतं.

"कधी आलात?" मी विचारलं.

"कालच. दहा दिवसांची सुट्टी आहे."

"आणि घरी न जाता पत्र टाकताय?"

"तिला जरा चकित करायचं होतं."

मी त्याला त्या शहराबद्दल खोदून विचारलं. तो कुठे अडखळला नाही. होड्यांवर तरंगणारा लाकडी पूल आहे, म्हणाला. जहाज आलं की घंटा होते आणि अख्खा पूल दारासारखा बाजूला सरकतो. धक्क्यावर पिवळी, निळी, गुलाबी घरं. शेजारच्या देशातून भाजीच्या होड्या येतात आणि लोक काठावरूनच भाव करतात, थेट आपल्या भोपाळच्या बिट्टन मार्केटसारखे. ज्यूंचं एक जुनं प्रार्थनागृह आहे, तिथे जमिनीवर वाळू अंथरलेली असते. सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. हा माणूस तिथे गेला होता, याबद्दल मला शंका उरली नाही. पण कालच आलेल्या माणसाच्या चपलेला महिन्याभराचं ग्रीस कसं?

त्याला बसवून ठेवलं, चहा दिला आणि नऊही पत्रं तारखेप्रमाणे लावून पुन्हा वाचली. पहिल्या पत्रात पूल ओलांडताना नवा बूट चावत होता. दोन महिन्यांनंतरच्या पत्रात किल्ल्यापाशी डाव्या टाचेला फोड आला. पाचव्या महिन्यात प्रार्थनागृहात बूट काढला, वाळू गार लागली. शेवटच्या पत्रात दिवे लागले होते आणि तो लंगडत होता. पोलीस ट्रेनिंगमध्ये नव्या बुटांचे फोड आम्ही सगळ्यांनी सोसलेत. आठवड्यात बरे होतात. महिनोन्महिने कोणताच फोड टिकत नाही.

मी आत जाऊन एवढंच विचारलं, "त्या शहरात तुम्ही एकच दिवस होतात ना?"

तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवू लागला. मग बोलला. कामाच्या दुसऱ्याच दिवशी उंच शिडीवर त्याला चक्कर आली. डॉक्टरांनी अनफिट ठरवलं. परतीच्या विमानाला एक दिवस होता, तेवढा तो शहरात फिरला. "भोपाळला उतरलो आणि पाय टाउनशिपकडे वळेचनात, साहेब. जाताना अख्खा ब्लॉक हार घेऊन स्टेशनवर आला होता." भोपाळमधल्याच अशोका गार्डन वस्तीत खोली घेऊन तो मोटार वाइंडिंगच्या दुकानात लागला. आणि तो एक दिवस त्याने पुरवून पुरवून लिहिला.

दोघं बहीणभाऊ आले. भाऊ फसवणुकीचा गुन्हा दाखल करा म्हणून अडून बसले. बायकोला खोटी पत्रं लिहिली, एवढ्यावर कोणतं कलम लावू, मलाच कळेना. आणि पत्रं तरी खोटी कुठे होती?

बाई नवऱ्याकडे वळल्या. रडल्या नाहीत.

"मी मुलांसमोर नकाशावर बोट ठेवून तुम्हाला शोधत होते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही अशोका गार्डनमध्ये?"

टेबलावरची पत्रं गोळा करून त्यांनी पर्समध्ये ठेवली.

"सोमवारी तिसरा तास माझा आहे. तुम्ही येऊन सांगायचं. चक्कर आली तेसुद्धा."

"मला नाही जमणार गं."

"मग मला एकटीला जमेल का?"

मी रोजनाम्यात लिहिलं: व्यक्ती मिळून आली, तक्रार नाही. पुढच्या आठवड्यात टाउनशिपमध्ये चौकशी केली. तो वर्गात गेला होता, म्हणे. तासाची घंटा झाली तरी मुलांनी त्याला सोडलं नाही. महिन्याभरात तो कारखान्यात रुजू झाला. भाऊ मात्र वर्षभर त्या घरी आले नाहीत.

माणूस लपला म्हणजे त्याने काहीतरी केलंय किंवा कोणीतरी त्याचं काही केलंय, असं आम्हाला शिकवलेलं असतं. त्या प्रकरणानंतर हरवल्याची तक्रार आली की मी घरच्यांना एक प्रश्न जास्तीचा विचारू लागलो: तो आज हात हलवत परत आला, तर तुमच्यापैकी त्याला पहिलं कोण हसेल?

उत्तर क्वचितच मिळायचं. पण कोणाची नजर खाली जाते, ते मी बघून ठेवायचो.