बाहेरच्या दिशेला तोंड करून

दाऊदभाय माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या चपलांकडे. मी पहिल्या दिवशी मेसच्या दारात चपला भिरकावून आत शिरलो, तर हा दाढीवाला आचारी वाकून त्या उचलतोय! दोन्ही जोडून, तोंडं बाहेरच्या दिशेला करून त्याने ठेवल्या आणि म्हणाला, "जाताना पाय शोधत बसशील काय? जपानी माणूस येतानाच जाण्याची तयारी करतो."

आखातात अबू हलीफा गावाच्या पुढे समुद्रकाठी तेल काढायला आलेल्या जपानी इंजिनियरांचा तळ होता. साठ साल उलटलं होतं. मी तिथे टायपिस्ट, तोही तीन महिन्यांच्या बोलीवर. दाऊदभाय रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. जहाजावर भांडी घासता घासता कोबे बंदरात उतरले आणि सात वर्षं तिथल्या खाणावळीत राबले. तळावर आलेल्या प्रत्येक हिंदी माणसाला जपानी रीत शिकवणं हे काम त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतलं होतं. शेवया खाताना म्हणायचे, "आवाज कर रे! सुर्रकन ओढ. नायतर आवडल्या नाय समजतील." आणि काहीही विचारलं की एकच उत्तर, "खाऊन बघ, मग विचार." आमटीसारखं काहीतरी मी चवीने प्यालो, मग विचारलं. ते सुक्या माशाचं पाणी निघालं. सदाशिव पेठेतला मी. पण तोवर वाटी रिकामी झाली होती.

स्वयंपाकघरात दारू आणि डुकराचं मांस येऊ द्यायचं नाही, ही त्यांची अट. "मग जपानी चव कशी येणार?" असं कोणी म्हटलं की कमरेचा पंचा घट्ट करत, "कशी येत नाय ती बघतो!" आणि यायची.

माझा पराक्रम डिसेंबरातला. मुख्य इंजिनियर नाकामुरासान यांनी मला, पाहुणा म्हणून, न्हाणीघरात पहिला मान दिला. भलामोठा लाकडी टब, गरम पाणी. मी आत बसलो, साबण काढला आणि बालपणापासूनचा सगळा मळ काढला. अंग बाहेर धुऊन मग टबात नुसतं बसायचं असतं, आणि त्याच पाण्यात मागून आणखी दहाजण बसणार असतात, हे मला कोण सांगणार? गोडं पाणी तर टँकरने यायचं. खांद्यावर टॉवेल टाकून आलेल्या नाकामुरासाननी फेसातून वर आलेलं माझं डोकं पाहिलं आणि आल्या पावली परत गेले. दुसऱ्या दिवशी कळलं, वर्ष संपलं की मला परत पाठवणार. मी आईला नोकरी पक्की झाल्याचं पत्र आधीच टाकून बसलो होतो!

"मी तुला न्हाणीचं सांगायला विसरलो," दाऊदभाय म्हणाले. "चूक माझी. आता तू जातोस कसा ते बघतो."

जपान्यांना नववर्षाला कांडलेल्या चिकट भाताचे गोळे लागतात. वाळवंटात ते होणार नाहीत, असं नाकामुरासान धरून चालले होते. दाऊदभायनी बोटीने तांदूळ मागवला आणि गलबतं बांधणाऱ्या सुताराकडून ओंडका कोरून उखळ करून घेतलं. वर्षअखेरच्या सकाळी वाफाळता भात त्यात ओतला आणि हातोड्यासारखं मुसळ थेट नाकामुरासानच्या हाती दिलं. मला म्हणाले, "तू हात ओला कर. दर घावानंतर भात उलटायचा."

"दाऊदभाय, तो माणूस माझ्यावर चिडलाय!"

"म्हणून तर. त्याचा घाव आणि तुझा हात एका तालात आला पायजे. घाबरलास तर बोटं जातील."

पहिले दहा घाव मी सगळ्या देवांची नावं घेतली. मग नाकामुरासान "योइ" असं ओरडू लागले, मी "शो!" ओरडू लागलो. मुसळ वर गेलं की माझा हात आत. अर्ध्या तासाने भात लोण्यासारखा झाला आणि बोटं दहाच्या दहा शाबूत होती. नाकामुरासाननी पहिला गोळा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग उठून बाहेर गेले.

मागोमाग मी निघालो. घाईत आत येताना चपला नेहमीप्रमाणे भिरकावल्या होत्या. आता त्या जोडून, बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवलेल्या.

"आभारी आहे, दाऊदभाय."

"मी तर चुलीपासून हललो नाय," ते आतून म्हणाले. "जा, तुझी नोकरी राहिली."

मी तिथे नऊ वर्षं राहिलो.

दाऊदभाय गेल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या गावी गेलो. दारात चपलांचा ढीग पडला होता. मी खाली बसलो आणि एकेक जोड लावू लागलो. त्यांची बायको दारात आली, बघत राहिली.

"ह्यो पण त्यांनी शिकवलेल्यांतलाच," ती आत कोणाला तरी म्हणाली आणि उरलेल्या चपला लावायला माझ्या शेजारी येऊन बसली.