मोगलाईतून आलेला विणकर

बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, पेन्शनही लागली. खुनाचे, दरोड्यांचे मोठमोठे तपास डोक्यातून पार पुसले गेले. मोगलाईतून आलेल्या त्या एका वॉरंटाची हकीकत मात्र काही केल्या जात नाही. नावं कुणाचीच घेत नाही. त्यातली बहुतेक माणसं आता नाहीत, आणि जी आहेत त्यांच्यामागे लचांड नको.

तीस सालचा मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली होती. मी सोलापुरात नवाच फौजदार म्हणून आलो होतो. शहराच्या पूर्व अंगाला तेलुगू विणकरांची वस्ती वाढत चालली होती. निजामाच्या मुलखाला आम्ही मोगलाई म्हणायचो. तिकडून ही माणसं यायची. आधी एक घर येई, माग मांडी, मग त्याच्या आधाराने दुसरं. सकाळी त्या भागातून सायकल काढायची सोय नसे. रस्ताभर सुताचे ताणे पसरलेले, आणि दोन्ही अंगांना उभी राहून बायामाणसं त्यांना खळ लावत असायची. एकदा मी खवळलो आणि रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का म्हणून ओरडलो. ताणा मात्र कुणी हलवला नाही. ओला ताणा अर्ध्यावर उचलला तर सगळं सूत चिकटून वाया जातं, हे मला पुढे कळलं. तोवर मी तोंडाची बरीच वाफ दवडली होती.

एके दिवशी निजामाच्या पोलिसातले एक वयस्कर जमादार ठाण्यावर हजर झाले. वॉरंटात मजकूर असा, की एका देशमुखाच्या वाड्यातून ऐवज चोरून एक विणकर वर्षापूर्वी पळाला, तो सोलापुरात आहे. वय पंचविशीचं, रंग सावळा, बांधा मध्यम. या वर्णनाची माणसं त्या गल्ल्यांत घरटी दोन निघाली असती! जमादारांनी स्वतः त्याला पाहिलेलं नव्हतं. ठरलं ते असं: तपास मी करायचा, संशयिताचं नाव मी लिहून द्यायचं, मग देशमुखाचा माणूस येऊन ओळख पटवणार आणि जमादार त्याला बांधून नेणार. सगळं माझ्या एका रिपोर्टावर येऊन ठेपलं होतं.

गल्लीत चार दिवस विचारपूस केली. ज्याला विचारावं तो इथलाच, इथंच जन्मलेला. खाकी दिसली की दारं लागत. इतकी माणसं इतक्या एकसुरात बोलू लागली की पोलिसाने समजावं, काहीतरी झाकलेलं आहे.

खबर लागली ती आमच्या पोलीस लाइनीत हजामतीला येणाऱ्या न्हाव्याकडून. त्याची बायको त्या बाजूच्या नळावर पाण्याला जाई. तिथं वस्तीतल्या दोघींचं भांडण जुंपलं आणि एकीने दुसरीला, एका म्हातारीला, ताडकन सुनावलं, की तुझा पोरगा पटकीत गेला, आता कुणाला पोरगा म्हणून मिरवतीस. न्हावी माझ्या गालावर वस्तरा धरूनच म्हणाला, “साहेब, त्या म्हातारीच्या घरात तर जवान माणूस माग चालवतोय की वो.”

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. एकच खोली, तीही बरीचशी मागाने व्यापलेली. म्हातारी विधवा, काटकुळी. तरणा माणूस मागावर बसलेला. कोण म्हणून विचारलं तर ती लगेच बोलली, “माझा बिड्डा हाय सायब. पोटचा.” तोही मान हलवून इथलाच म्हणाला. घोकून ठेवलेलं उत्तर आणि खरं उत्तर यांत फरक असतो; घोकलेलं जरा लवकर येतं. मी म्हटलं, चालू दे तुझं काम. उंबऱ्यावर बसून बघत राहिलो.

सोलापुरात तोवर झटका माग सगळीकडे झाले होते. उजव्या हाताने दोरी ओढायची, आडवं सूत नेणारा धोटा आपोआप पलीकडे जातो. डाव्या हाताने फणी ठोकून ते सूत बसवायचं. हा माणूस तसंच करत होता, पण पाच-सहा फेऱ्यांनी एकदा त्याचा डावा हात फणीवरून सुटून कापडाच्या काठाशी जाई, पंजा उघडे, आणि पुन्हा चटकन मागे येई. आधी मला वाटलं, मला बघून घाबरला असेल. म्हणून उठलो आणि शेजारची तीन-चार घरं बघितली. कुणाचाच हात असा सुटत नव्हता.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारा विणकर राहायचा. चार दिवसांत कुणी मला बसा म्हटलं असेल तर त्याने. कुणाचा हात ते न सांगता मी त्याला नुसतं विचारलं, की असा हात का सुटत असेल? कामाचा विषय निघाला आणि म्हातारा खुलला. हसत म्हणाला, “सायब, त्यो हातानं धोटा फेकायला शिकलाय. एका हातानं फेकायचा, दुसऱ्यानं झेलायचा. मोगलाईत अजून तसंच हाय. नवा आला की वरीसभर हात खुळ्यावानी झेलायला जातोय. माझाबी जायचा की.”

एवढं बोलला मात्र, आपण काय बोलून बसलो ते त्याच्या तोंडावर दिसलं. खाकीपुढे चार दिवस न उघडलेली गल्ली त्याच्या कामाच्या अभिमानाने उघडून दिली होती. त्याने माझे पाय धरायला हात पुढे केले. मी उठून चालू लागलो. खरं सांगतो, तेव्हा मला आनंदच झाला होता. चोर सापडला होता!

म्हातारीच्या घरातल्या त्या तरुणाला जबाबासाठी ठाण्यावर आणला. म्हातारी मागोमाग आली आणि पायरीवर बसली. त्याला चढ्या आवाजात विचारायचीही वेळ आली नाही. डाव्या हाताचं नाव काढताच त्याने सगळं सांगितलं. त्यांच्या गावी वाड्याला कापड फुकट द्यायचं, वर वेठ करायची. बाप वेठीवर असतानाच वारला, त्याची वेठ याच्यावर आली. आठवडी बाजाराच्या दिवशी भर दुपारी, गर्दीत, बापाची फणी वाकळीत गुंडाळून हा गावाबाहेर पडला. वाड्यातल्या चांदीच्या तांब्याला हात लावला नाही म्हणत होता. पुढे तो फक्त एवढंच बोलला, की परत नेलं तर चोरीची शिक्षा होईल ती होईल, पण पळालेल्याला ते लोक दुसऱ्यांदा पळण्याजोगा ठेवत नाहीत.

असं प्रत्येक आरोपी म्हणतो. मी कागद पुढे ओढला.

तेवढ्यात म्हातारी आत आली. तिला बाहेर काढायला शिपाई पुढे झाला, मी नको म्हटलं. ती रडली नाही. म्हणाली, “पोटचा मेला सायब. खोटं बोलले मी. ह्यो दारात आला तवा माग रिकामा होता आन माझ्या हातात जोर न्हवता. मी म्हटलं, बस. आमी आलो तवा आमालाबी कुणीतरी बसच म्हटलं हुतं.”

 मी उगाच शिपायावर डाफरलो आणि वॉरंट पुन्हा वाचायला घेतलं. खाली ऐवजाची यादी होती. पहिल्या दिवशी मी ती वरवर पाहिली होती: चांदीचा तांब्या एक, विणकामाची फणी एक. तांब्या समजला. पण याच्या बापाची बांबूच्या कामट्यांची जुनी फणी, ती देशमुखाच्या वाड्यात काय करत होती? आणि ती गेली म्हणून एवढा मोठा माणूस परमुलखात वॉरंट कशाला धाडतो? बरं, विणकराच्या घरात फणी मिळाली म्हणून चोर धरायचा, तर निम्मं सोलापूर आत घ्यावं लागलं असतं.

जमादार बाहेर बाकावर तंबाखू मळत बसले होते. मी यादी त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं, देशमुखाला फणी कशाला हवी होती? त्यांनी यादी परत दिली. नोकरीत केस पिकलेला माणूस, त्याने ती माझ्या आधी नक्कीच वाचली असणार. आतल्या त्या दोघांकडे एक नजर टाकली आणि हळू आवाजात म्हणाले, “उनको फणी नक्को साब. फणीवाला होना.” देशमुखाला फणी नको होती, फणी चालवणारा हवा होता. मग उठून टोपी घालताना म्हणाले, “आप लिखो. आप जो लिखते, वोच मैं लेके जाता.”

मी लिहिलं: वॉरंटातील वर्णनाचा इसम मिळून आला नाही. संशयावरून आणलेला इसम हा सदर विधवा बाईचा मुलगा असल्याचे चौकशीत आढळले. खाली सही केली. पुढे आठ-पंधरा दिवस झोप नीट लागली नाही. वरिष्ठांना कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि ती जाणं न्यायाचंच झालं असतं. मी कायदा मोडला होता, त्याला दुसरा शब्द नाही. तरुण अधिकाऱ्यांनी माझा कित्ता गिरवू नये.

मात्र या तपासाने माझे डोळे उघडले. मी त्या वस्तीकडे बाहेरून आलेली माणसं म्हणून बघत होतो, आणि कोण आधीचा, कोण नवा हे शोधत होतो. तिथे आधीचा म्हणजे आधी पळून आलेला, एवढाच अर्थ होता. कुणी दुष्काळातून, कुणी वेठीतून. म्हणून तर गल्ली एका तोंडाने खोटं बोलत होती; प्रत्येकजण स्वतःचीच हकीकत झाकत होता. आणि याच लोकांनी विणलेली लुगडी नेसून आमच्या जिल्ह्यातल्या लेकीबाळी सासरी जात होत्या. माझ्या बायकोचं लुगडंही त्याच गल्लीतलं निघालं. रस्ता कुणाच्या बापाचा, हे विचारायला मी पुन्हा कधी गेलो नाही.

तो माणूस मला कधी नमस्कार करायचा नाही. दिसलो की खाली मान घालून माग चालवत राहायचा. मला त्याचा राग आला नाही. मी समोर असलो की त्याला काय आठवत असेल, ते मला समजत होतं.

माझी बदली व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात म्हातारी वारली. मी त्या बाजूला बंदोबस्ताला होतो. रस्त्यावरचे ताणे त्या सकाळी कुणी पसरलेच नव्हते. मयतीपुढे विस्तवाचं मडकं धरून तोच चालला होता, अंगावर ओलं धोतर, पायांत काही नाही, आणि हुंदके देत लहान मुलासारखा रडत होता. माझ्याबरोबरचा नवा शिपाई विचारू लागला, हा कोण. मी म्हटलं, बाईचा मुलगा. ते सांगताना मला खोटं बोलल्यासारखं मुळीच वाटलं नाही.