दाजींच्या हातातला पासपोर्ट

आधीच सांगते, अशा सदरातले अनुभव मी टाइमपास म्हणून वाचायचे. अमावस्या, पिंपळ, मागून हाक... मनात म्हणायचे, लोकांना उद्योग नाहीत. मी लोहगावची, विमानतळ अगदी रिक्षाच्या अंतरावर. डोक्यावरून लढाऊ विमानं जात असताना गाढ झोपणारी माणसं आम्ही, सहसा दचकत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

पण लिहिणार. कारण ज्या माणसाबद्दल लिहितेय त्याला अद्दल घडली, आणि ती घडताना मी शेजारच्या काउंटरवर उभी होते.

माझी मोठी बहीण लग्न होऊन दुबईला गेली. दाजी तिथे नोकरीला. लेक झाली, स्वरा. मग ताईचे फोन कमी होत गेले. "पुण्याला ये की," म्हटलं की म्हणायची, "पासपोर्ट ह्यांच्या लॉकरमध्ये आहे गं." आम्हाला वाटायचं, सांभाळून ठेवला असेल. पुढे दाजींनी स्वराला तेवढं आमच्याकडे आणून सोडलं, ताईला नाही आणलं. पुढे तिच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा दाजी म्हणाले, गॅस झाला असेल. अपेंडिक्स फुटलं होतं. ताई गेली. शेजारच्या बाईंनी नंतर मला फोनवर सांगितलं की ताई शेवटपर्यंत एकच म्हणत होती — मला घरी जाऊ द्या.

तिचं सगळं तिथेच उरकलं. अस्थी आणि तिचा रद्द केलेला, कोपरा कापलेला पासपोर्ट दाजींनी एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिला. स्वतः आले नाहीत. आईने अस्थी आळंदीला सोडल्या आणि पासपोर्ट आपल्या लोखंडी ट्रंकेत कुलपात ठेवला.

वर्षश्राद्ध झालं आणि दाजींचा निरोप आला. दुसरं लग्न ठरलंय, स्वराला न्यायला येतोय. वकिलांना विचारलं तर म्हणाले, बाप आहे, अडवणं अवघड आहे. आईची जेवणावरची वासनाच उडाली. स्वरा तिच्या कुशीत झोपायची, पोरीला बापाचा चेहराही नीट आठवत नव्हता.

नेमकी तेव्हा मी ऑफिसच्या कामासाठी दुबईलाच होते आणि परतीचं विमान दोघांचं एकच निघालं. चेक-इनच्या रांगेत दाजी माझ्या पुढे होते. तिथल्या मुलीने त्यांचा पासपोर्ट पाहिला, बोर्डिंग पास दिला. पुढे त्याच पासपोर्टवर शिक्का बसला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून मुद्दाम सांगते. विमानात त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि मला शिकवायला लागले.

"पहिल्यांदाच बाहेर गेलीस ना? उतरल्यावर गोंधळू नकोस. आधी इमिग्रेशन, मग बॅगा, मग कस्टम. ग्रीन चॅनलने सरळ चालत राहायचं, इकडेतिकडे बघायचं नाही. माझ्या मागे राहा."

मी मान हलवली. ताईलाही ते असंच समजावत असणार.

पुण्यात उतरलो तेव्हा चांगलं ऊन होतं. बसने टर्मिनल, मग रांग. सगळं दाजी म्हणाले तसंच... काउंटरपर्यंत. दाजींनी खिशातून पासपोर्ट काढून पुढे सरकवला. अधिकाऱ्याने उघडला, फोटो बघितला, दाजींकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"ह्या बाई आपण आहात का?"

दाजी हसले. "काय म्हणालात?"

"रद्द झालेला पासपोर्ट आहे हा. कोपरा कापलाय. आपला स्वतःचा द्या."

मी शेजारच्या काउंटरवरून मान लांब करून पाहिलं. ताईचा फोटो. लग्नाआधीचा, अबोली ओढणीतला. तो काढायला स्टुडिओत मीच तिच्याबरोबर गेले होते.

दाजींनी सगळे खिसे उलटे केले, बॅग उपसली. त्यांचा पासपोर्ट नव्हताच. "अहो, विमानात होता माझ्याकडे... हिला विचारा. हिने बघितलाय."

अधिकाऱ्याने माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, आपण पाहिलात?"

"नाही बुवा," मी म्हणाले.

हे साफ खोटं होतं. बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही आणि आजही त्याचं मला काही वाटत नाही. दाजींना आतल्या खोलीकडे नेलं. "मला घरी जाऊ द्या हो," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी बेल्टवरची माझी बॅग घ्यायची विसरून नुसतीच उभी राहिले.

चौकशी करून त्यांना सोडलं तेव्हा दुपार उलटली होती. मी बाहेर थांबले होते, मायेने नव्हे, तोंड बघायला. घरी फक्त उशीर होतोय एवढंच कळवलं होतं. बाकी एक अक्षर बोलले नव्हते.

आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. प्रवासातून आलेल्या माणसावरून आमच्याकडे तो ओवाळून टाकतात, वाटेत मागे लागलेलं काही असेल तर ते दारातूनच परत जावं म्हणून. तिने माझ्यावरून ओवाळला, तुकडा लांब फेकला, माझ्या डोळ्यांना पाणी लावलं. दाजी पुढे झाले. आईने तांब्या खाली ठेवला.

"माझ्यावरून नाही ओवाळायचा?" दाजींनी विचारलं.

"न्हाय," आई शांतपणे म्हणाली. "तुमच्या मागनं जी आलीया ती माझी लेक हाय. तिला दारातनं माघारी कशी धाडू?"

दाजींनी मागे वळून पाहिलं. मला नुसतं अंगण दिसलं. त्यांना काय दिसलं ते मला माहीत नाही, पण माणूस पांढराफटक पडला आणि बॅग तिथेच टाकून रस्त्याकडे चालता झाला. आई दारातून जराशी बाजूला सरकली. "ये बाय," म्हणाली. क्षणभर थांबली आणि मग तिने दार लावून घेतलं.

नंतर आम्ही ट्रंक उघडली. कुलूप जसंच्या तसं, किल्ली आईच्या कनवटीला. पासपोर्ट तेवढा नव्हता. आईला दारातच कसं कळलं हे मी खोदून खोदून विचारलं. ती म्हणते, आईला कळतं.

दाजींचा पासपोर्ट कधीच सापडला नाही. नवा मिळाल्यावर ते एकटेच परत गेले. स्वराला न्यायचं नाव पुन्हा काढलं नाही. आता ती आमच्याकडेच शाळेत जाते.

दाजींनीच आधी ट्रंकेतून काढला असेल, असं एका मैत्रिणीने सुचवलं. अहो, ताई गेल्यापासून त्या दिवसापर्यंत ते आमच्या गावात फिरकलेच नव्हते. अदलाबदल झाली म्हणावं, तर कुणी केली, कधी केली? उद्या उत्तर सापडलं तरी मी दाजींना सांगणार नाही. त्यांनी आयुष्यभर प्रत्येक विमानतळावर असंच रांगेत उभं राहावं, खिशात हात घालायला घाबरत.