दाराजवळची एक वीत

निहार, परवा तू तुझ्या नव्या घरातल्या बाथरूमचा फोटो पाठवलास. टबाच्या कडेने काळी पडलेली, मध्येच सुटलेली सिलिकॉनच्या भरावाची एक रेघ, आणि खाली तुझा प्रश्न : हे आपलं आपण करता येतं का, इथे माणूस बोलावला तर तीन आठवड्यांनी येतो. ईशाने त्यावर हसणारे चेहरे टाकले, आजीला काय विचारतोस म्हणून. ईशा, आजीला येतं. ज्यांनी शिकवलं ते आता नाहीत, म्हणून तुम्हा दोघांसाठी सगळं नीट लिहून ठेवते आहे.

उजव्या हाताचं पहिलं बोट साबणाच्या पाण्यात बुडवायचं, क्षणभर वर धरायचं, आणि म्हणायचं, "पानी कोनाला इचारून येत नाय, बाई." काम सुरू करण्यापूर्वीची ही त्यांची रीत. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे सगळी सोसायटी मला बाई म्हणते, तसे तेही म्हणायचे. मी त्यांना भाऊ म्हणायचे.

भाऊ माझ्या घराच्या अगदी खालच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे उरणकडचे, मिठागरात राबणाऱ्या घरातले. मिठागर गेल्यावर एका कारखान्यात फिटर झाले आणि निवृत्तीनंतर नवीन पनवेलला आमच्या इमारतीत आले. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. मुलगी लग्न होऊन चिरनेरला.

आमची ओळख खरं तर भांडणानेच व्हायची होती. माझ्या बाथरूमचं पाणी त्यांच्या भिंतीत उतरत होतं. भाऊंनी एकदा येऊन सांगितलं, "बाई, भिंत सुकली पायजे." मी म्हटलं, बघते. मग सोसायटीचं पत्र आलं. मी त्याला उत्तर लिहिलं, चांगलं मुद्देसूद, आणि प्रत फाइलला लावली. तुमचे आजोबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि घरात तोडफोड करणारी माणसं आणायची माझी तयारी नव्हती. जो कंत्राटदार येऊन गेला त्याला सगळं बाथरूम फोडायचं होतं. तुमचा बाबा तिकडून म्हणत होता, कशाला एकटी हे करत बसतेस, घर बंद कर आणि ये. मी चार महिन्यांत तीन पत्रं लिहिली. पाणी उतरत राहिलं.

एका सकाळी भाऊ हातात कपड्यांना घालायच्या निळीची बाटली घेऊन दारात उभे. तोडायच्या आधी पाणी कुठून जातंय ते बघू, म्हणाले. बाथरूमची जाळी कापडाने बंद केली, बोटभर पाणी साठवलं, त्यात नीळ ओतली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी मला खाली बोलावलं.

त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. हॉलमध्ये सोफा नव्हता. तिथे खाट होती आणि खाटेवर त्यांची बायको, उशांना टेकून बसलेली. दम्याने छाती भाता झालेली. डॉक्टरांनी ओलीच्या खोलीत झोपू नका म्हटल्यापासून ती येणाऱ्याजाणाऱ्यासमोर अशी हॉलमध्ये पडून होती. आतल्या खोलीत भाऊंनी मला भिंत दाखवली. पोपडे सुटलेले, आणि मधोमध निळा डाग, एखाद्या नकाशावर समुद्र असावा तसा.

"कोपऱ्यातून येतंय," भाऊ म्हणाले. त्यांचा सूर गणित सुटल्याचा होता, तक्रारीचा नव्हता. मला मात्र माझी फाइल आठवली. त्यात चार महिने होते, आणि ही बाई त्यात कुठेच नव्हती.

मी म्हटलं, उद्याच करू या, काय लागेल ते सांगा.

भाऊंनी सांगितलेली यादी माझ्या अक्षरात अजून आहे : पांढऱ्या सिलिकॉनची नळी, ती दाबायची गन, पातं, रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी, जुनं धोतर. आता निहार, लक्ष देऊन वाच. भिंत आणि फरशी मिळते तिथला जुना भराव आधी सगळा खरवडून काढायचा. कोऱ्या फरशीवर नवं बसतं, जुन्या भरावावर नवं बसत नाही. माझा त्यात एक पूर्ण दिवस गेला. मग कोरडं करायचं, आणि कोरडं म्हणजे डोळ्यांना दिसतं तेवढं नव्हे. भाऊंनी धोतराच्या चिंध्या फटीत दाबून ठेवायला लावल्या, पंखा लावला, आणि दोन दिवस मी शेजारणीकडे आंघोळीला गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाल फरशीला लावून पाहिलं. गालाला कळतं, म्हणाले.

फटीच्या वर आणि खाली सारखं अंतर सोडून चिकटपट्ट्या लावायच्या. नळीचं तोंड तिरकं कापायचं, फटीपेक्षा किंचितच मोठं. मग दाबायचं. भाऊ उकिडवे बसले, दारापासून सुरुवात केली, न थांबता एक वीतभर रेघ ओढली, बोट भिजवून तीवरून एकदाच फिरवलं आणि गन माझ्या हातात दिली.

"एक वीत मी. बाकी तुमी."

मी म्हटलं, भाऊ, तुम्हीच पुरं करा, माझं वाकडं जाईल.

"जाऊ द्या वाकडं. मी काय कायम खाली ऱ्हानार हाय?"

माझं वाकडं गेलंच. कुठे जाड, कुठे नुसता पापुद्रा. मी बोट दोनदोनदा फिरवत होते, आणि ते मागून सांगत होते की फळा पुसताय काय, एकदाच जायचं. मिठागरात बांधाला भेग पडली की ओला चिखल लावून ते टाच फिरवायचे, तीही एकदाच. दुसऱ्यांदा फिरवली की लावलेला चिखल टाचेला चिकटून निघून येतो. तिथे पाणी आत धरायचं, इथे बाहेर ठेवायचं, एवढाच काय तो फरक, म्हणाले. पट्ट्या ओल्यातच ओढून काढल्या तेव्हा मात्र खाली सरळ पांढरी रेघ उरली. माझी सगळी लटपट पट्ट्यांवर निघून गेली होती. बाथरूमभर व्हिनेगरसारखा आंबट वास.

"उद्या संध्याकाळपातुर एक थेंब नाय," एवढं सांगून ते गेले.

आता माझी चूक. दुसऱ्या दिवशी पहाटे मी रोजच्यासारखी उठले. आंघोळ केल्याशिवाय मी देवाला हात लावत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेजारीण आदल्या दिवशी गावी गेलेली. मनाशी म्हटलं, मध्ये उभं राहून दोन तांबे घेतले तर काय बिघडतं, कोपऱ्यापर्यंत जाणारही नाही. दोनाचे पाच झाले. फरशी पुसायला गेले तर कोपऱ्यातली रेघ कपड्याबरोबर उचलली गेली. मी ती बोटाने दाबून बसवली, पूजा केली, आणि भाऊंना काही बोलले नाही. मुलांना तीस वर्षं चूक कबूल करायला शिकवणारी मी.

खाली भाऊंनी खोली रंगवून घेतली आणि खाट आत नेली. तीन आठवड्यांनी नव्या रंगावर पुन्हा ओलीचा डाग आला, त्याच जागी. खाट परत हॉलमध्ये आली. भाऊ वर आले, उकिडवे बसले, कोपऱ्यात नख घातलं. रेघ सालासारखी वर आली.

"बाई, आंघोळ केली व्हती?"

मी म्हटलं, पूजा राहिली असती.

त्यांनी नखाशी आलेला तुकडा तळहातावर घेतला. मग शांतपणे म्हणाले, "देव थांबला असता."

एवढंच. पुढे रागाचा शब्द नाही. उलट पातं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले की आता सुकेपर्यंत आंघोळीला खाली यायचं, शेजारणीबिजारणीकडे नाही.

तशी मी टॉवेल आणि माझा तांब्या घेऊन तीन दिवस जिना उतरले. ज्यांची भिंत मी दोनदा भिजवली त्यांच्या घरी आंघोळीला. पहिल्या दिवशी मला त्यांच्या बायकोकडे बघवेना. तीच खाटेवरून बोलली. "बाई, मी तर सात महिने झाले आंगोलीची वाट बघत नाय. हितूनच हात जोडते. त्याला चालतंय." मग खोकल्याची उबळ आली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. त्या दिवशी वर जाऊन पूजा केली, पण उशिरा.

या वेळी कोपऱ्याची रेघ मी एका दमात ओढली आणि बोट एकदाच फिरवलं. भाऊ दारात उभे राहून बघत होते. "आता कशी," म्हणाले. त्यांच्याकडून शाबासकी ती एवढीच. दाराजवळच्या त्यांच्या वितीला आम्ही हात लावला नाही, ती पाण्यापासून लांब होती आणि घट्ट होती.

तो पावसाळा आम्ही तिघांनी भिंतीकडे बघत काढला. दसऱ्याला भाऊंनी खाट आत नेली. ती पुन्हा बाहेर आली नाही.

त्यानंतर इमारतीत कुठेही पाणी गळालं की ते मला घेऊन जायचे. लोकांना सांगायचे, या बाईंचा हात बघा. मी लाजायचे, पण बोट भिजवून तयार असायचे. तुमच्या बाबाला घर बंद करण्याबद्दल मी तेव्हाच कायमचं नाही सांगितलं. त्याला कारण विचारू नका, त्याला ते अजून पटलेलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात भाऊ झोपेतच गेले. बायकोला मुलीने चिरनेरला नेलं. जाण्याच्या दिवशी तिने मला आतल्या खोलीत बोलावलं, माझा हात धरून भिंतीवर ठेवला आणि आपलाही ठेवला. मग पिशवीतून गन काढून मला दिली. खाली आता नवं जोडपं आहे, त्यांनी त्या भिंतीला कपाट लावलं आहे.

माझ्या भागाचं सिलिकॉन मी मधल्या वर्षांत दोनदा बदललं. दाराजवळची एक वीत बदललेली नाही. ती थोडी पिवळी पडली आहे, आणि अजून सुटलेली नाही.