गाण्याच्या गटाची चिठ्ठी

“मावशी, एवढे कप विसळून घ्या ना.”

पालेगावातल्या नव्या सोसायटीचा हॉल. शुक्रवारची दुपार. पंधरा-वीस बायका गोल करून बसलेल्या. मी दारात चपला काढत होते. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. तोंड उघडायच्या आत ट्रे पुढे आला. मी कप विसळले.

नवरा गेल्यापासून माझी छाती धडधडायची. झोप नाही. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमधल्या कारखान्यात जीन्सचे धागे कापते, तिथेही कात्री चुकायची. अंबरनाथचे डॉक्टर म्हणाले, “नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. माणसांत जा.” आणि औषधांच्या खाली या गाण्याच्या गटाचं नाव लिहून दिलं. शुक्रवारी कारखाना बंद. म्हणून गेले.

तिथे सुनीता मॅडम होत्या. त्यांचाही नवरा गेलेला. त्यांनाही याच डॉक्टरांनी पाठवलेलं. गाता गाता त्या रडल्या, तर चौघी धावल्या. कुणी पाठ चोळली, कुणी पाणी दिलं. “काल झोप लागली का?” विचारलं. मी बेसिनपाशी उभी राहून बघत होते. जळत होते. माझा माणूस काय कमी मेला होता? मला वाटलं, हिला कधी झोप लागूच नये. वाटलं. खोटं कशाला बोलू.

तीन शुक्रवार कप धुतले. मागे उभी राहून गाणी ऐकली. एकीने आडनाव विचारलं. सांगितलं. “अच्छा,” म्हणाली. तेव्हापासून माझा चहा कागदी कपात.

चौथ्या शुक्रवारी ट्रे आला. मी हात मागे घेतले.

“मी पेशंट आहे. ही चिठ्ठी. वाचा.”

“अय्या, गैरसमज झाला हो!”

“गैरसमज एक दिवस होतो. तीन शुक्रवार नाही होत.”

सुनीता मॅडमच्या शेजारी खुर्ची ओढली नि बसले. गाणं सुरू झालं. माझा आवाज फाटका. तरी मोठ्याने गायले.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते घुटमळले. “तुमच्या लोकांतला एखादा गट देऊ का? तिथे बरं वाटेल तुम्हाला.”

“नको. मी इथेच जाणार. आणि बाहेर आमच्या कारखान्यातल्या दोघी बसल्यात, त्यांच्याही कागदावर हेच नाव लिहा. ज्यांना आम्ही चालत नाही, त्यांनी गट बदलावा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी दोघींची नावं पुन्हा सांगितली. लिहून होईपर्यंत मी उठणार नव्हते.