मी तसं म्हणाले होते

निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आता माझी वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं. शाळेच्या ऑफिसात होते तेव्हा निदान दाखल्यासाठी पालक खिडकीशी ताटकळत उभे असायचे. आता मुलगी बंगळूरला आणि नवरा आपल्या पेपरात. मग आमच्या मीरा रोडलाच, हाटकेशला एक बाई रिफ्लेक्सोलॉजी शिकवतात असं कळलं आणि मी नाव घातलं. तळपायावर ठरावीक ठिकाणी बोटांनी दाब द्यायचा, माणसाला जरा सैल करायचं, एवढंच ते. खाली पत्रे कापायचा कारखाना होता आणि वर आमचा वर्ग. बाईंना ओरडून शिकवावं लागे.

कॅन्सरच्या पेशंटांकडे जायची तयारी असलेल्या आम्हा चौघींना त्यांनी वेगळं बसवून सांगितलं होतं. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायाला हात लावायचा नाही. दाब हलका ठेवायचा. आणि पाय बघून आजार सांगायचा नाही, बरा होतोय असंही नाही. आपण आराम द्यायला जातो, इलाज करायला नाही." मी हे वहीत लिहून खाली रेघसुद्धा मारली होती.

मला मिळालेलं घर गोडदेवला होतं. पूर्वी मिठागरात आणि भातशेतीत राबलेलं कुटुंब, आता चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. मावशी पासष्टीच्या. स्तनातली गाठ काढली होती, मग दुसरीकडे पुन्हा आली होती, केमो चालू होती. मुलगा दिवसभर कामावर, त्यामुळे घरात त्या आणि सून. औषधांनी मावशींच्या तळपायांना मुंग्या यायच्या, रात्र रात्र झोप नसायची. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी जायला लागले.

त्यांचे पाय रुंद होते. मिठानं कधीकाळी फाटलेल्या टाचांच्या खुणा गेल्या नव्हत्या. मी मांडीवर टॉवेल घालून पाय घ्यायचे, थोडं खोबरेल लावायचे. पंधरा मिनिटांत त्यांचा श्वास लांब व्हायचा. जागं झाल्यावर म्हणायच्या, "बाय, तुजा हात लागला का मना बरा वाटतं."

हे वाक्य ऐकायला मी शेअर रिक्षात कोंबून घेऊन मीरा रोडहून गोडदेवला जायचे, हे आता कबूल करते. सेवा वगैरे नंतरचं.

एका शुक्रवारी त्यांनी विचारलं, "दाबतेस तवा तुज्या हाताला काय लागतं गं?"

काही लागत नव्हतं. कातडी आणि हाडं लागत होती. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की मला नुसतं 'काही नाही' म्हणवेना. मी म्हटलं, "आधी इथे खडे खडे लागायचे मावशी. आता कमी झालेत."

"म्हंजे गाठ पन कमी झाली असंल."

मी पाय दाबत राहिले. मग म्हणाले, "असेल की."

त्यांचा चेहरा उजळला. आणि खरं सांगायचं तर मलाही छान वाटलं, आपणच काहीतरी केल्यासारखं.

त्यानंतर दोन आठवडे त्या खूप आनंदात होत्या. मी जायचे, यायचे. केमोची तारीख कधी आहे, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

तिसऱ्या मंगळवारी सुनेनं दार उघडलं, पण "या" म्हणाली नाही. पलंगावर हॉस्पिटलची फाइल उघडी पडली होती.

"ताई, एक विचारायचंय," ती म्हणाली. "आईंनी केमोची तारीख चुकवली. मी माहेरी गेले होते तेव्हा. ह्यांना सांगितलं, हॉस्पिटलवाल्यांनी पुढे ढकललंय. आज तिकडून फोन आला तेव्हा कळलं. आता म्हणतात, गाठ विरघळतेय, कशाला सुया टोचून घेऊ. तुम्ही त्यांना असं काही म्हणालात का?"

मावशी पलंगावर बसून माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हणाले. "मी असं कसं म्हणेन? आम्हाला शिकवलंयच, असं बोलायचं नाही म्हणून."

शिकवणीचा आधार घेऊन मी खोटं बोलले. आवाज जरासुद्धा हलला नाही.

सुनेनं मावशींकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, "ती न्हाय बोलली. माज्याच मनानं घेतला. मना भ्या वाटतं त्या सुयांचा."

सून फोन लावायला आत गेली. मावशींनी पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "दाब," म्हणाल्या. त्या दिवशी सुनेनं नेहमीसारखा चहा दिला आणि तो मी सगळा प्यायले.

शुक्रवारी मी गेले नाही. ताप आहे असं कळवलं. मंगळवारीही तेच. दुपारी सुनेचा फोन आला. "आई विचारतायत, ताप उतरला का? काल केमो झाली त्यांची. तुम्हाला पेज करून पाठवू का म्हणतायत."

मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

दुसऱ्याच दिवशी गोडदेवला गेले. मावशी झोपल्या होत्या. सून स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होती. मी दारातच उभी राहून म्हणाले, "मी तसं म्हणाले होते. गाठ कमी झाली असेल म्हणून. आईंनी मला सांभाळून घेतलं."

तिचे हात थांबले नाहीत. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "आईंना खडे-बिडे कुठून सुचणार? त्या शुक्रवारनंतर तीन दिवस मला तेच सांगत होत्या."

"मग तू मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? त्यांना तुम्ही आल्यावरच झोप लागते." मग तिनं नळाखाली हात धुतले. "तुम्ही येत जा. पण यापुढे मी खोलीत बसणार."

आणि ती खरंच बसायची. मटार सोलत, कपड्यांच्या घड्या घालत. माझ्या वयाच्या बाईवर नजर ठेवायची वेळ मी तिच्यावर आणली होती. पहिल्याच दिवशी मी तिच्यासमोर मावशींना सांगितलं, "मावशी, मी खोटं बोलले होते. पायावरून गाठीचं काही कळत नाही. यानं आजार जात नाही." मावशींनी डोळे मिटूनच हात हलवला. "ठावं हाय बाय. मना आयकायचा होता, तू बोललीस."

ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

महिनाभरानं सून म्हणाली, "मला शिकवा. तुम्ही नसता त्या दिवशीही त्यांना लागतं." मी तिचा अंगठा धरून जागा दाखवल्या. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तिला कोणी चांगलं म्हणावं अशी तिची अपेक्षाच नव्हती. मग मी आठवड्यातून एकदाच जायला लागले, तेही बहुतेक वेळा शेजारी खुर्चीवर बसायला.

मावशी पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. चुकलेल्या त्या आठवड्यांनी काही फरक पडला का, हे सुनेनं डॉक्टरांना विचारलं होतं. सांगता येत नाही, असं ते म्हणाले. मी हे उत्तर बऱ्याचदा मनात उलटसुलट करून बघते. त्यात माझी सुटका नाही, शिक्षाही नाही.

दहाव्याला गेले तेव्हा खोली नातेवाइकांनी भरली होती. मावशींची बहीण माझा हात धरून सगळ्यांना सांगू लागली, "ही बाई बगा. परकी असून पाय चेपले तिचे. पोटची पोर करनार न्हाय, येवढी सेवा केली." चार बायकांनी मला हात जोडले. मला सांगायचं होतं, तोंडही उघडलं. समोर सून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि मावससासूला म्हणाली, "त्यांना बसायला द्या आधी."

मी बसले. त्या घरातल्या दुसऱ्या बाईनं मला सांभाळून घेतलं होतं, आणि मी पुन्हा गप्प राहिले होते.