आकू, थांब!

आमच्या चाळीत कुणी जिन्याला लागलं की गॅलरीतून तीन जणी विचारतात, कुठे निघालीस? उत्तर दिलं नाही तर ती शिष्ट. असल्या चाळीत वाढलेल्या मुलीने कुणाला काही न विचारता, एकटीने नकाशा बघत पळायच्या शर्यतीत उतरावं, हीच मुळात गंमत. पण आकांक्षा घाडी उतरली. आम्ही तिला आकू म्हणतो. तिची आई लवकर गेली. वडील जयवंत आणि ती माझ्या शेजारच्या खोलीत राहतात, म्हणून मी तिला थोडीफार माझीच समजते. तिला ते मान्य आहे की नाही, मी कधी विचारलं नाही.

या शर्यतीला ओरिएंटिअरिंग म्हणतात. हातात नकाशा आणि होकायंत्र, बोटाला चिप. ठिकठिकाणी केशरी-पांढऱ्या झेंड्या असतात, प्रत्येकीवर आकडा. आपल्या वाट्याच्या झेंड्या क्रमाने शोधायच्या, आकडा जुळला की तिथल्या डबीला चिप लावायची आणि पुढे पळायचं. दुसऱ्या गटांच्या झेंड्याही आसपासच असतात. त्यांना चिप लावली आणि आपली राहिली, की बाद.

आकू परळच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करते. तिथून सुटली की सराव. राज्याच्या संघात जायचं, एवढं एकच वेड. गेल्या वर्षी निवडीची शर्यत नेमकी आमच्या काळाचौकीच्या गल्ल्यांत होती. सकाळीच कुणीतरी आमच्या टाकीच्या पाइपाला झेंडी बांधून गेलं होतं. आकू अंगणात आली, थबकली, नकाशा फिरवायला लागली. मग काय, दोन्ही मजले ओरडले, "आकू, इकडे! टाकीकडे बघ, टाकीकडे!" तिने एकदा वर पाहिलं, टाकीकडे धावली, चिप लावली आणि गेली. आम्ही टाळ्या पिटल्या.

ती झेंडी दुसऱ्याच गटाची होती. तिची होती मंडळाच्या शेडमागे. आकू बाद झाली.

तिला शर्यतीसाठी शिकवणारे विनीत सर चाळीत आले तेव्हा मला वाटलं, आता आमची खरडपट्टी. पण ते तिलाच म्हणाले, "लोक ओरडणारच. आकडा का नाही बघितलास?"

"सगळे एवढ्या हौसेने सांगत होते, सर," आकू म्हणाली. "आकडा तपासत बसले असते तर त्यांना काय वाटलं असतं?"

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

त्यावर उपाय काढला जयवंतनी. दर रविवारी आकूने अंगणात उभं राहून नकाशा वाचायचा आणि आम्ही वरून वाट्टेल ते ओरडायचं. आमच्यासारखे ओरडणारे अख्ख्या मुंबईत मिळायचे नाहीत! कुणी म्हणे गॅस लीक झाला, कुणी म्हणे तुझं लग्न ठरलं. सुरुवातीला ती दचकायची, हसायची, आकडा चुकायची. जयवंत कठड्यावरून वाकून हाक मारायचे, "आकू, मी पडलंय गो! धाव!" पहिल्यांदा ती खरंच जिन्याकडे धावली. ते वरून हसत म्हणाले, "बापूस पडलो तरी थांबाचा नाय. आधी आकडो बघ." पुढे पुढे ती मान वर करेनाशी झाली. तिची प्रगती बघून आम्हीच खूश.

यंदाची निवडही इथेच झाली. शर्यतीच्या दिवशी कुणी हूं की चूं करायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. पण जयवंतना लेकीला जवळून बघायचं होतं. ती गल्लीत दिसताच ते घाईने खाली निघाले आणि जिन्याच्या शेवटच्या वळणावर पाय सटकून पडले. मी त्यांच्या मागेच होते. त्यांचा पाय विचित्र वळला होता, तोंडातून आवाज निघत नव्हता. मी जिन्याच्या दारातून ओरडले, "आकू, थांब! बाबा पडले!"

ती अंगणातच होती. तिने ऐकलं. तिची मान ताठ झालेली मला दिसली. पण वळून बघितलं नाही. झेंडीवरचा आकडा ओठांनी पुटपुटली, चिप लावली आणि गेली.

ती दुसरी आली. संघात निवड झाली. बातमी द्यायला तिने वडिलांना फोन केला, तो मी हॉस्पिटलातून उचलला. काय झालं ते मी सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, म्हणजे ते खरं होतं? मला वाटलं, बाबांनी परीक्षा घ्यायला सांगितलं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ती थांबली असती तरी हाड काही सांधलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. जयवंत तर वॉर्डातल्या प्रत्येकाला सांगत, "माझी पोर ऐकाक नाय, म्हणान जिंकली!" आकू शेजारी बसून मोसंबी सोलायची. तिला ते कौतुक सोसत नव्हतं, पण त्यांना गप्प बसा म्हणायचा धीर मला झाला नाही.

महिन्याभराने ती राष्ट्रीय स्पर्धेला गेली. जायची नव्हती, जयवंतनी पाठवली. तिथे जंगल होतं, दूरदूरपर्यंत माणूस नाही. परत आली ती थेट त्यांच्या कॉटपाशी बसली. मी चहा घेऊन गेले होते.

"कितवी इलस?" त्यांनी विचारलं.

"खूप मागे."

"आकडो चुकलस?"

"नाही. आकडे सगळे बरोबर होते. मध्येमध्ये थांबत होते."

"थांबलस कित्याक गो? थंय कोण होता वरडाक?"

"कुणीच नव्हतं," आकू म्हणाली. "पण प्रत्येक झेंडीपाशी वाटायचं, तुम्ही हाक मारताय. मी मागे वळून बघायचे."

 जयवंतनी भिंतीकडे कूस वळवायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते जमलं नाही.